मिरचीचा हंगाम आणि अंतराचा डोस : गर्भनिरोधक निवडीचं एक प्रकरण

सुनीता (नाव बदललं आहे), वय २४, शिक्षण नववी. मुलगी चार वर्षांची, मुलगा पाच महिन्यांचा. दोन्ही बाळंतपणं सरकारी दवाखान्यात, नॉर्मल. मधे एक गर्भपात. घरी दीड एकर धान, बाकी मजुरी. ब्लड प्रेशर ११०/७०, हिमोग्लोबिन ८.६. गरोदरपणाच्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहिलेलं : ‘सिकल +’, म्हणजे सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी पॉझिटिव्ह.

मागणी तिच्याच शब्दांत : “दोन झाले, बस. पन ऑपरेशन आताच नाई.”

एवढ्यावरून एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाचं पोरही पाच मिनिटांत उत्तर काढेल. मीही काढलं, आणि ते पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. तरी साडेसात महिन्यांनी हीच बाई पदराच्या गाठीत गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट बांधून माझ्यासमोर बसली होती. ते कसं झालं ते नीट लिहून ठेवते, कारण आमच्या धानपट्ट्यात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीड-सिंदेवाहीकडे, दर वर्षी अशा बाया येतात.

सप्टेंबर : लसीकरणाचा दिवस

बाळाचा साडेतीन महिन्यांचा डोस रोवणीमुळे लांबला होता. आशाताईने दोनदा घरी जाऊन शेवटी त्यांना उपकेंद्रात आणलं. सोबत सासू. मी सासूला नातवाला घेऊन वजनकाट्याकडे पाठवलं. हे आमचं जुनं हत्यार आहे. बाळाचं वजन होईपर्यंत चारपाच मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात सून बोलते.

सुनीता बोलली. मुलगी दीड वर्षाची असताना ती माला-एन, म्हणजे रोजची गर्भनिरोधक गोळी, खात होती. पाकीट तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी, कारण सासूला “गोळ्यांनी गर्मी होते” हे पटवायची ताकद तिच्यात नव्हती. रोवणीचे दिवस आले. पहाटे चारला उठायचं, दिवसभर चिखलात वाकून रोवणा लावायचा, रात्री भाकर खाल्ली की झोप. डबा उघडायचा तर सासू चुलीजवळ. तीन दिवस गोळी राहिली, मग पाच दिवस. दिवस राहिले. कुणीतरी मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या. वीस दिवस अंगावरून जात राहिलं आणि शेवटी पिशवी साफ करायला दवाखान्यात भरती व्हावं लागलं. हिमोग्लोबिन तेव्हा जे खाली गेलं ते पुढच्या बाळंतपणानंतरही वर आलेलं नव्हतं.

“गोळ्या मले जमतच नाई, मॅडम. मी इसरून जातो.”

मला हे ‘विसरणं’ वाटलं नाही. आठ तास चिखलात वाकून आलेल्या बाईने सासूच्या नजरेआड तांदळाच्या डब्यात हात घालायचा, तोही रोज, आणि राहून गेला तर आपण केस पेपरवर ‘अनियमित सेवन’ लिहायचं. पण कारण काहीही असो, रोजची गोळी बाद. तशीही माला-एन त्या दिवशी देता आली नसती. बाळ अंगावर पीत होतं आणि सहा महिन्यांचं झालेलं नव्हतं, आणि मिश्र हार्मोनच्या गोळ्या तोवर टाळायच्या असतात.

उरलं काय? छायाची गोळी, अंतराचं गर्भनिरोधक इंजेक्शन, पिशवीत बसवायची तांबी (कॉपर-टी), निरोध, ऑपरेशन.

छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली गोळी. तिच्यात हार्मोन नाही, दूध पाजणाऱ्या बाईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. कागदावर छान, पण डबा तोच आणि चूलही तीच. सुनीतानेच मान हलवली.

निरोधबद्दल विचारलं तर तिने तोंडाला पदर लावला. “त्याहिले कोन सांगन?” विषय संपला. मी तो संपवायला नको होता, पण वजनकाट्याकडून सासू परत येत होती.

‘सिकल +’ म्हणजे नेमकं काय

सुनीताला आजवर दोन ठिकाणी सांगितलं गेलं होतं की तुला सिकल आहे, तुला तांबी चालत नाही, गोळ्या चालत नाहीत, इंजेक्शनही विचारून घे. म्हणजे तिच्या हिशोबाने ऑपरेशन सोडून काहीच चालत नव्हतं. सासूही तेच म्हणत होती.

नागपूर भागातल्या सिकलची नोंद १९५८ ची. तेव्हापासून विदर्भात ‘सिकल’ हा शब्द घरोघरी पोचला, त्यातला फरक मात्र पोचला नाही. आईबापांपैकी एकाकडूनच सिकलचा जीन आला तर माणूस ‘एएस’, म्हणजे वाहक. त्याला सहसा काही होत नाही. दोघांकडून आला तर ‘एसएस’, म्हणजे खरा आजार : हाडं दुखण्याचे झटके, कावीळ, वारंवार रक्त चढवणं. उपकेंद्रात होते ती सोल्युबिलिटीची प्राथमिक तपासणी. तिच्यात दोघंही पॉझिटिव्हच येतात. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीत कळतं. सुनीताच्या कार्डावर फक्त पहिली पायरी होती. पुढचा रिपोर्ट कुणी मागवला नव्हता, किंवा मागवला आणि तो कुठल्या तरी फाइलीत पडून राहिला.

तिला झटके कधी आले नव्हते, रक्त कधी चढलं नव्हतं. अंदाज वाहकाचा होता, पण अंदाजावर कशाला राहायचं म्हणून नमुना पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मात्र तिला रिकामं पाठवणार नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेचा पात्रतेचा तक्ता आमच्या टेबलाच्या काचेखाली असतो. प्रत्येक आजारापुढे प्रत्येक साधनाला १ ते ४ असा आकडा. १ म्हणजे खुशाल द्या, २ म्हणजे द्या पण लक्ष ठेवा, ३ म्हणजे दुसरं काहीच जमत नसेल तरच, ४ म्हणजे नाही. सिकलच्या खऱ्या रुग्णापुढे अंतराच्या इंजेक्शनला १ आहे. गोळ्यांना २, तांबीला २. वाहकाला तर कशाचीच आडकाठी नाही. म्हणजे सगळ्यात वाईट धरून चाललं तरी सिकलमुळे एकही साधन बाद होत नव्हतं, आणि ही बाई दोन वर्षं ‘मले काईच चालत नाई’ असं म्हणत फिरत होती.

तांबी की अंतरा, हा खरा प्रश्न. तांबीने पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं. हिमोग्लोबिन ८.६ असलेल्या बाईला ती चालते, तक्त्यात २ आहे, पण माझं मन होईना. अंतराने उलट काही महिन्यांत पाळीचं रक्त कमी जातं, पुष्कळ बायांची पाळी थांबतेच. दुधावर परिणाम नाही. तीन महिन्यांतून एकदा सुई, डब्यात लपवायला काही नाही. सुनीताला हे शेवटचं फार आवडलं. पाळीचा चौथा दिवस होता, म्हणजे त्याच दिवशी सुरू करता येत होतं. १८ सप्टेंबरला पहिला डोस दिला. सिस्टरने सुई काढताच तिने सवयीने दंड चोळायला हात नेला. सिस्टरने हात धरला, “चोळू नको, औषध लवकर पसरते अन् असर कमी होते.” कार्डावर पुढची तारीख : १८ डिसेंबर.

‘थोडे डाग’

सुई देण्याआधी मी सांगितलं होतं की सुरुवातीला थोडे डाग जातील, घाबरू नको. ‘थोडे डाग’ हे मी रोज दहा बायांना सांगते.

ऑक्टोबरात तिला बावीस दिवस डाग गेले. रक्त मोजलं तर एका पाळीएवढंही भरलं नसतं. पण तिच्या घरी विटाळ पाळतात. डाग असेपर्यंत चुलीजवळ जायचं नाही, माठातलं पाणी स्वतः घ्यायचं नाही, झोपायचं पडवीत. दर महिन्याचे चार दिवस निभतात. बावीस दिवस सुनेने चुलीला हात लावला नाही आणि धान कापणीच्या तोंडावर सगळा स्वयंपाक सासूवर पडला. माझ्या दृष्टीने किरकोळ दुष्परिणाम, त्यांच्या घरात भांडण. आशाताईने फोन केला : “मॅडम, ते म्हनते का दुसरी सुई घेत नाई. सासू तं आता दारातच उभी करत नाई मले.”

मी गेले. सासूला बाजूला घेऊन सांगितलं, “मावशी, ही पाळी नाही. औषधाने पिशवीचं अस्तर पातळ होतं, त्याचे हे डाग आहेत. पाळी वेगळी, हे वेगळं.” वैद्यकीयदृष्ट्या यात खोटं काही नाही. मावशींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “असं सांगा ना मंग. दवाईचं हाये तं चालते.” त्या संध्याकाळपासून सुनीता घरात.

यात विटाळाच्या रूढीला मी हात लावला नाही, उलट तिच्याच भाषेत पळवाट काढून दिली. माझ्या एका मैत्रिणीला हे बिलकूल पटलं नाही. तिचं चुकत नाही. पण त्या दिवशी मला सुनीताला पडवीतून घरात आणायचं होतं आणि तिची दुसरी सुई चुकू द्यायची नव्हती. रूढीशी भांडायला मी दर महिन्याला महिला मेळाव्यात उभी असतेच.

तेव्हापासून ‘थोडे डाग’ म्हणणं मात्र सोडलं. आता विचारते, घरी पाळीत काय काय बंद असतं? आणि मग सांगते की डाग पंधरा-वीस दिवसही राहू शकतात.

नोव्हेंबरात रिपोर्ट आला : एएस. वाहक. तिला पिवळं कार्ड दिलं आणि नवऱ्याला तपासणीला बोलावलं. तो आला नाही. डिसेंबरात डाग थांबले. १८ तारखेला ती ठरल्याप्रमाणे आली, दुसरा डोस घेतला, लोहाच्या गोळ्या नेल्या. कार्डावर पुढची तारीख पडली, १८ मार्च. मला वाटलं, गाडी रुळावर आली.

मे : पदराची गाठ

४ मेला ती आली. एकटी, ओपीडी संपता संपता. चेहरा रापलेला, हाताची बोटं तिखटाने सोललेली. बसली आणि बोलेना. मग पदराची गाठ सोडून पाच गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. फोडलेलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी नवराबायको मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. आमच्याकडून दर वर्षी टोळ्याच्या टोळ्या जातात, खम्मम-वरंगलकडे. धानाचं काम संपलेलं असतं, गावात मजुरी नसते, मुकादम गाडी घेऊन येतो. धाकटं पोरगं सोबत, मुलगी सासूकडे. अंतराचं कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत. १८ मार्च आली आणि गेली.

पाळी मात्र आलीच नाही. अंतरावर असलेल्या बाईची पाळी थांबणं अपेक्षितच असतं आणि ते मी तिला सांगितलेलं होतं. पण घरापासून दूर, सुई चुकलेली, पाळी नाही, आणि टोळीतल्या बाया रोज विचारतात, “काऊन वं, राहिले का?” अशा वेळी डॉक्टरीणबाईंचं सप्टेंबरमधलं वाक्य कोणाला आठवणार? टोळीतल्याच एकीने पाकीट आणून दिलं. सुनीताने पैसे दिले, पण गोळ्या घेतल्या नाहीत. “मागच्या वेळेले मरता मरता वाचलो, मॅडम. मनलं, एकडाव तुमाले इचारू.”

सिस्टरने ‘निश्चय’चं, म्हणजे लघवीवरून गर्भ तपासायचं, किट आणलं. सुनीता बाथरूममधून डबी घेऊन आली. ड्रॉपरने थेंब टाकले. किट टेबलावर, पाकिटाच्या शेजारी. पाच मिनिटं थांबायचं असतं. सुनीता किटकडे बघतच नव्हती, भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होती. पट्टी ओली होत गेली, वरची रेघ उमटली. खालची जागा कोरीच राहिली. मी पूर्ण पाच मिनिटं होऊ दिली, मग किट तिच्याकडे फिरवलं.

“एकच रेघ आहे. नाही राहिले.”

ती रडली नाही. म्हणाली, “मंग पाळी कुठी गेली?”

एका रेघेवर मी थांबले नाही. संबंध शेवटचा कधी आला ते विचारलं. ती कोरडं हसली. “एका ताडपत्रीखाली पंधरा मानसं, मॅडम. होळीच्या अल्लग-पल्लग एकडाव.” होळी म्हणजे सुईची तारीख उलटण्याआधी. घरी परतल्यावर पोराला ताप होता, म्हणून तेव्हाही संबंध नाही. म्हणजे गर्भ राहायला जागाच नव्हती. पाकीट मी ठेवून घेतलं. हेही सांगितलं की खरंच दिवस राहिले असते आणि तिला नको असते, तरी मेडिकलच्या काउंटरवर जायची गरज नव्हती. १९७१ पासून कायदा आहे, २०२१ मध्ये तो आणखी सैल झाला आहे, आणि सरकारी दवाखान्यात हे काम डॉक्टरच्या देखरेखीखाली होतं. दोन्ही वेळा तिला हे माहीत नव्हतं. पहिल्या वेळी तिला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी सांगायला मी होते.

कॅलेंडर

त्या रात्री मी कॅलेंडर घेऊन बसले.

अंतराची सुई दर तीन महिन्यांनी. पण सवड असते : तारखेच्या दोन आठवडे आधी घेता येते आणि चार आठवडे उशीर झाला तरी चालते. १८ मार्चची सुई १५ एप्रिलपर्यंत चालली असती. ती आली ४ मेला. जानेवारीच्या शेवटी, निघताना, पुढची सुई देता आली नसती. दोन आठवड्यांच्या सवडीत ते बसत नाही.

पण डिसेंबरात मी एकच प्रश्न विचारला असता, ‘जानेवारीत कुठं जाणार आहेस का?’, तर १८ डिसेंबरची सुई मी तिला १० जानेवारीला दिली असती. चार आठवड्यांच्या आतच. मग पुढची तारीख १० एप्रिल, आणि सवड ८ मेपर्यंत. ती माझ्याकडे आली ४ मेला. अख्खा मिरचीचा हंगाम एका सुईत निघाला असता. ही सवड उशीर झालेल्या बाईसाठी असते, ठरवून उशीर करण्यासाठी नाही, हे मला माहीत आहे. पण इथं ती वापरायलाच हवी होती.

दुसराही रस्ता होता. अंतरा ही २०१७ पासूनची केंद्राची योजना आहे, नुसती महाराष्ट्राची नाही. कार्ड सोबत असतं तर तिकडच्या सरकारी दवाखान्यात तिला विचारता आलं असतं. पण कार्ड पेटीत, भाषा तेलुगू, आणि दवाखान्यात गेलं की दिवसाची मजुरी बुडते.

अंतराचा आकडा आम्ही प्रशिक्षणात पाठ केलेला असतो. वेळेवर सुया घेतल्या तर वर्षाला हजारांत दोघींना दिवस राहतात. प्रत्यक्ष वापरात मात्र शंभरात चौघींना. हजारांत दोन आणि शंभरात चार, यांत वीस पटींचा फरक. औषध तर तेच. मग हा फरक कुठून येतो, तर मिरचीच्या टोळीतून, वीटभट्टीवरून, माहेरच्या लग्नातून, आणि आमच्याकडे स्टॉक संपला म्हणून ‘पुढच्या आठवड्यात ये’ असं सांगितलं जातं त्यातूनही. आजार, दूध, रक्त, सिकल, सगळं मी सप्टेंबरात तपासलं. बाईचं वर्ष कसं जातं, एवढंच विचारलं नाही.

मग तांबी

मेमध्ये हिमोग्लोबिन १०.४ होतं. पाळी थांबली होती आणि लोहाच्या गोळ्या तिने, का कोण जाणे, तेलंगणातही नेमाने खाल्ल्या होत्या. म्हणजे सप्टेंबरात तांबीबद्दल माझ्या मनात जी अडचण होती ती आता बरीच कमी झाली होती. अंतराचा पहिला निर्णय वाया गेला नव्हता, त्यानेच ही वाट मोकळी केली. पुन्हा अंतराच घेतली असती तरी चाललं असतं, नव्या कॅलेंडरप्रमाणे. मी दोन्ही पुढे ठेवले.

तांबीबद्दल तिने ऐकलेलं असं : ती वर चढते आणि काळजात जाते, नवऱ्याला टोचते, आणि तांबीतही दिवस राहिले तर लेकराच्या कपाळाला चिकटून येते. मी टेबलाच्या खणातली नमुन्याची तांबी तिच्या तळहातावर ठेवली. तीन सव्वातीन सेंटिमीटर रुंद, साडेतीन सेंटिमीटर उंच, प्लॅस्टिकचा इंग्रजी ‘टी’, त्यावर तांब्याची तार आणि दोन्ही हातांवर तांब्याच्या नळ्या. खाली दोन बारीक धागे. तिने ती वाकवून पाहिली, पुन्हा सरळ केली, अंगठ्याच्या नखाने तार खरवडली. “माह्या डोरल्यायेवढी तं हाये.” मग धागा ओढून विचारलं, “हे नवऱ्याले टोचते मनते ते?” धागा ओल्या सुतासारखा मऊ होतो, टोचत नाही, आणि पिशवीतून काळजाकडे जायला रस्ताच नाही, हे मी पिशवीच्या मॉडेलवर दाखवलं. पिशवीला छेद जाण्याचा धोका अगदी क्वचित असतो, तोही मुख्यतः बसवताना, हेही सांगितलं. न सांगता बसवलेली तांबी दोन महिन्यांत काढायला येते, असा माझा अनुभव आहे.

तिला सगळ्यात जास्त पटलं ते वेगळंच. “दहा वर्सं काईच तारीख ध्यानात ठेवाची नाई?” नाही. ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते, नको झाली की कधीही काढता येते, आणि काढली की गर्भधारणेची शक्यता लगेच परत येते. अंतराचं तसं नसतं. शेवटच्या सुईनंतर सात ते दहा महिने लागू शकतात.

दोन दिवसांनी ती नवऱ्याला घेऊन आली. तपासलं, कसलं इन्फेक्शन नाही. पिशवीची लांबी सात सेंटिमीटर. तांबी बसवली, धागे तीन सेंटिमीटर ठेवून कापले. कळ आली तेव्हा तिने सिस्टरचा हात घट्ट धरला, एवढंच. बाहेर बाकावर नवरा बसला होता, त्याचंही रक्त सिकलसाठी घेतलं. निगेटिव्ह. म्हणजे लेकरं फार तर वाहक असतील, ‘एसएस’ नाहीत. मुलाची तपासणी राहिलीच होती. पहिल्या सहा महिन्यांत बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ही चाचणी भरवशाची नसते. ती आता करून टाकली.

जुलैत पाळी परत आली आणि जोरात आली. सहा दिवस, पोटात कळा, आणि ऐन रोवणी. तिने काढायला सांगितलं असतं तर मी काढली असती, समजावण्यात एक आठवडाही घालवला नसता. पण तिने विचारलं, “हे असंच राहीन का कमी होईन?” बहुतेकींचं तीन ते सहा महिन्यांत कमी होतं, असं सांगितलं. कळांसाठी पाळीच्या दिवसांत आयब्युप्रोफेन दिलं, लोह सुरू ठेवलं. धागा तपासला, जागेवर होता. तांबी निसटायची असली तर बहुतेक पहिल्या काही महिन्यांत, पाळीच्या वेळी निसटते, म्हणून तो तपासायचा. ऑगस्टची पाळी पाच दिवसांची झाली. ऑक्टोबरची चार.

सासूबाईंचं ऑपरेशन

मावशींची बाजूही नोंदवायला हवी. त्यांनी स्वतः बाविसाव्या वर्षी, शाळेच्या खोलीत भरलेल्या कॅम्पात ऑपरेशन केलेलं. “दोन लेकरं झाले, हिवाळा आला, का ऑपरेशन. बस. आमाले कोनी इचारलं?” हिवाळा का, तर जखम लवकर भरते अशी समजूत, आणि धान निघाल्यावर बाईला चार दिवस आराम देणं परवडतं. हे दुसरं कारण माझ्या मते समजुतीपेक्षा जास्त खरं आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं झाली आणि त्या प्रकरणात १३ बाया गेल्या. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं बंद करायला सांगितलं. मावशींना हे मी सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या.

ऑपरेशन वाईट नाही. ज्या बाईचं पक्कं ठरलंय तिच्यासाठी ते उत्तम, शंभर बायांत वर्षाला एकीलाही क्वचितच दिवस राहतात. सुनीताचं पक्कं ठरलेलं नव्हतं, एवढंच. धाकटं पोर पाच महिन्यांचं असताना घेतलेला असा निर्णय पुढे सलतो, हे मी पाहिलं आहे.

नवऱ्याच्या नसबंदीचा विषय मी त्या बाकावरच काढला होता. टाका नाही, भरती नाही, बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं, फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं. तो म्हणाला, “मी तं पोते उचलतो जी, ताकद जाईन.” ताकद जात नाही हे सांगितलं. तो हसला आणि बुटाकडे बघत राहिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ३७.९ टक्के जोडप्यांत बाईची नसबंदी झालेली आहे आणि ०.३ टक्के जोडप्यांत पुरुषाची. माझ्या बाकावरचा तो पोते उचलणारा काही वेगळा नव्हता.

जानेवारी

यंदा मुकादमाची गाडी यायच्या चार दिवस आधी सुनीता आली. धागा पाहून घ्यायला. जागेवर होता. हिमोग्लोबिन ११.१.

“तिकडे निंघून गेली तं?” तिने विचारलं.

आमचा फार्मासिस्ट सिरोंच्याकडचा, त्याला तेलुगू लिहितावाचता येतं. त्याच्याकडून अर्ध्या कागदावर लिहून घेतलं : हिला अमुक तारखेला ३८० ए बसवली आहे, धागा लागत नाही म्हणाली तर तपासून बघा, गर्भ असल्याची शंका आली तर आधी लघवीची तपासणी करा. खाली माझी सही, केंद्राचा शिक्का, आणि फोन नंबर. सुनीताने कागद उलटासुलटा पाहिला. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं.

“इकडून का तिकडून वाचाचं?” तिने फार्मासिस्टला विचारलं. त्याने वरच्या बाजूला पेनने बाण काढून दिला. तिने कागदाची चार घड्यांची पुडी केली, पिवळ्या सिकल कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवली, आणि ते प्लॅस्टिक ब्लाउजमध्ये खोचलं.